कारभाऱ्याने हिशेब द्यावा

घरचा गडी बाजाराला पाठवला. त्याच्या हाती पाचशे रुपये दिले. संध्याकाळी तो परत आला. आपण काय विचारतो? "काय काय आणलं? कितीला आणलं? उरले किती?" गडी कितीही विश्वासाचा असो, एवढे आपण विचारतोच. चांगला गडी तर न विचारताच पिशवी पुढे ठेवतो आणि पै पैचा हिशेब सांगतो. त्यात कोणाचा अपमान नाही. पैसा ज्याचा, त्याला हिशेब कळलाच पाहिजे.

सरकारचेही तसेच आहे. सरकारच्या तिजोरीतला पैसा आभाळातून पडत नाही. तो आपण भरतो. दुकानात साबणाची वडी घेतली, तर तिच्या किमतीत कर असतो. गाडीत पेट्रोल घातले, की कर गेलाच. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तोही कर भरतो. तेव्हा या पैशाचे धनी आपण सगळेच आहोत.

आपले कारभारी कोण?

या पैशातून रस्ते होतात, दवाखाने चालतात, शाळा चालतात. ही कामे करण्यासाठी सरकारची निरनिराळी खाती आहेत. काही कामांसाठी महामंडळे आहेत. एस.टी. चालवते ते महामंडळच. काही कामांसाठी आयोग आहेत. सरकारी नोकरीसाठी माणसे निवडतो तो लोकसेवा आयोग. माहिती मिळाली नाही म्हणून दाद मागायची, तो माहिती आयोग. हे सगळे आपले कारभारी.

मग यांनी हिशेब कोणाला द्यायचा? २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्राची वस्ती ११ कोटींच्या वर भरली. इतकी माणसे हिशेब ऐकायला एका जागी बसणार कशी? म्हणून आपण आपली माणसे निवडून पाठवतो. विधानसभेत २८८ आमदार आपल्या मतांनी जातात. विधान परिषदेत ७८ जागा आहेत. ही दोन सभागृहे मिळून आपले विधानमंडळ होते. त्याच्या दोन बैठकींमध्ये सहा महिन्यांचा खंड पडू द्यायचा नाही, असे राज्यघटनेतच लिहिले आहे.

आमदार निवडायचा तो रस्त्याची मागणी करायला, असे पुष्कळांना वाटते. ते खरे आहेच. पण आमदाराचे दुसरे काम तेवढेच मोठे आहे. ते म्हणजे आपल्या वतीने हिशेब विचारणे.

अहवाल म्हणजे काय?

वर्षभर काय काम केले, किती पैसा आला, कोठे खर्च झाला, हे लिहून द्यायचे. या लिखाणाला अहवाल म्हणतात.

एस.टी.चेच उदाहरण घेऊ. आपल्याकडची पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी धावली. ती पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. पुढे १९५० साली अशा महामंडळांसाठी कायदा झाला. महामंडळाने दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल सरकारला द्यावा, आणि तपासलेले हिशेब सरकारने विधानमंडळापुढे ठेवावेत, असे त्या कायद्यात आहे. गाड्या किती, त्या किती धावल्या, डिझेलला किती लागले, तोटा कशामुळे आला, हे सारे त्यातून बाहेर येते. आपल्या गावची मुक्कामाची गाडी का बंद पडली, याचे उत्तर शोधायचे तर ते याच आकड्यांत शोधावे लागेल.

लोकसेवा आयोगाचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि तेथून विधानमंडळापुढे येतो. आयोगाचा एखादा सल्ला सरकारने मानला नसेल, तर तो का मानला नाही, हेही सरकारला लिहून द्यावे लागते. माहिती आयोगाचा अहवालही असाच दरवर्षी सभागृहांपुढे येतो. २००५ च्या कायद्याने तसे ठरवून दिले आहे.

अहवाल 'पटलावर ठेवला' असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. पटल म्हणजे सभागृहातले मेज. कागद मेजावर ठेवला, म्हणजे तो सर्व सदस्यांपुढे आला. मग तो सरकारच्या कपाटातला कागद राहत नाही. कोणीही सदस्य तो वाचू शकतो आणि त्यावरून प्रश्न विचारू शकतो.

हिशेब खरा कशावरून?

कोणी म्हणेल, "अहो, गड्यानंच हिशेब लिहिला, तर तो आपल्या सोयीनं लिहील!"

शंका रास्त आहे. म्हणूनच तपासणारा माणूस वेगळा ठेवला आहे. त्याला भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणतात. ते राज्य सरकारच्या हाताखाली नसतात. त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात. कोणा मंत्र्याला राग आला म्हणून त्यांना काढता येत नाही. त्यांची माणसे सरकारी वह्या, पावत्या, कामे तपासतात. काम न होता बिल दिले का? पैसा एका कामाचा आणि खर्च दुसऱ्यावर, असे झाले का? जे सापडेल ते अहवालात येते. तो अहवाल राज्यपालांमार्फत सभागृहांपुढे ठेवला जातो.

पण इतके जाड अहवाल सभागृहात पानापानाने वाचणे जमत नाही. त्यासाठी आमदारांच्या समित्या असतात. सरकारी खात्यांचा हिशेब लोकलेखा समिती पाहते. महामंडळांचा कारभार सार्वजनिक उपक्रम समिती पाहते. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांसाठी पंचायती राज समिती आहे. ती जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन चौकशी करते. समिती बोलावील तेव्हा मोठ्या अधिकाऱ्यालाही समोर बसून उत्तर द्यावे लागते. मग समिती आपले म्हणणे सभागृहाला कळवते. त्यावर काय केले, हे खात्याला पुन्हा सांगावे लागते.

शिळा हिशेब

रीत चांगली आहे. मात्र ती नेहमी चांगली पाळली जाते, असे नाही. मुख्य दोष उशिराचा. 'शक्य तितक्या लवकर अहवाल द्यावा' असे शब्द कायद्यात बरेचदा असतात. त्यात दिवस नेमलेला नसतो. मग काही महामंडळांचे हिशेब वर्षानुवर्षे रखडतात.

उशिराने काय बिघडते? पूल आज खचला आणि त्याचा हिशेब पाच वर्षांनी आला, तर विचारायचे कोणाला? तोवर अधिकाऱ्याची बदली झालेली असते. मंत्री बदललेले असतात. ठेकेदार पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. शिळी भाकरी निदान खाता तरी येते, शिळ्या हिशेबाने काही हाती लागत नाही.

दुसरा दोष न वाचण्याचा. अहवाल आला आणि कोणी उघडलाच नाही, तर तो येऊन न आल्यासारखाच.

वाचणारा एक माणूस

वाचले तर काय होते, ते पाहा. गोपाळ कृष्ण गोखले कोकणातले. त्यांचा जन्म १८६६ साली कोतळूक गावी झाला. ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत. पुढे ते इंग्रज सरकारच्या कायदेमंडळात गेले. तेथे सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे.

१९०२ साली सरकारने हिशेब मांडला. तिजोरीत मोठी शिल्लक होती. गोखल्यांनी सरकारचेच आकडे बारकाईने वाचले होते. ते उभे राहिले आणि त्यांनी दाखवून दिले, की ही शिल्लक सुबत्तेची नाही. रयत दुष्काळाने पिचली आहे आणि तिच्यावर कर मात्र जड आहे, म्हणून ही शिल्लक दिसते. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. गरिबाच्या कालवणातले मीठ ते! १९०३ साली तो कर दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर उतरला. हे एका भाषणाने झाले, असे आम्ही म्हणत नाही. पण आकडे वाचणारा माणूस सभागृहात बसला, की सरकारला उत्तर शोधावे लागते, हे खरे. आणि तेव्हा तर राज्य परक्यांचे होते!

आपले काम

मुंबई लांब आहे. पण गावची ग्रामसभा लांब नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षाची पहिली ग्रामसभा एप्रिल-मे या दोन महिन्यांत व्हायला हवी. त्या सभेपुढे पंचायतीने जमाखर्च ठेवायचा असतो. मागल्या वर्षीच्या कारभाराचा अहवाल ठेवायचा असतो. तपासणीत निघालेले दोष आणि त्यांवरची उत्तरेही ठेवायची असतात. विधानमंडळात जे आमदार करतात, तेच येथे आपण स्वतः करायचे आहे.

तेव्हा सभेला जावे. बायकांनीही जावे, पाण्याचा आणि अंगणवाडीचा खर्च त्यांना अधिक कळतो. अहवाल वाचायला मागावा. नळाचा खर्च लिहिला असेल, तर नळाला पाणी येते का, ते पाहावे. चूक दिसली तर भांडू नये, शांतपणे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. आमदार गावात आले, म्हणजे त्यांनाही विचारावे, "साहेब, आमच्या तालुक्याबद्दल अहवालात काय आलंय? तुम्ही सभागृहात काय विचारलंत?"

आपण अक्षरे शिकलो. पत्र वाचता येऊ लागले, गाडीची पाटी वाचता येऊ लागली. आता जमाखर्चाचा कागदही वाचू या. वाचणारा धनी समोर असला, म्हणजे कारभारी हिशेब नीट ठेवतो.