वलीमा आणि दुकानाचा गल्ला

आपल्या पालघर-बोईसर-तारापूर भागात वलीम्याचा हिशेब बहुधा वलीमा उरकल्यावरच मांडला जातो. मी कापडवाला. मोजल्याशिवाय थानाला कात्री लावत नाही. पण थोरल्या मुलाच्या वलीम्यात हेच विसरलो. दावतनामे घरटी एक वाटले, माणसे मोजली नाहीत. ऐन जेवणात देग संपली, पुन्हा चूल पेटवावी लागली. तो खर्च ईदच्या मालासाठी ठेवलेल्या रकमेतून गेला. त्या ईदला दुकानाच्या फळ्या रिकाम्या राहिल्या.

धाकट्याच्या वेळी आधी महिना ठरवला. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. त्याच्या तोंडावर शाबानात लग्ने दाटतात आणि नेमका तेव्हाच शिंपी ईदच्या शिलाईत बुडालेला असतो. आम्ही दोन महिने आधीचा जमादिउस्सानी धरला. शिंपीही मिळाला, बावर्चीही.

वेळ दुपारची, जोहरनंतर. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते खरी, पण विरारपुढे गाड्या मोजक्याच. रात्रीच्या दावतीत मुंबईचे पाहुणे ताटापेक्षा घड्याळाकडेच जास्त पाहतात!

यादी या वेळी माणसांची केली. किलोभर तांदळाच्या बिर्याणीत आठ-दहा माणसे जेवतात, त्या अंदाजाने देगा सांगितल्या. बावर्ची व मंडपवाल्याचे पैसे वर्षभर वेगळ्या डब्यात साठवले. गल्ल्याला हात लावला नाही. दस्तरखान, पाणी, स्टेशनवरून पाहुणे आणणे, ही कामे भाच्यांना नावानिशी वाटून दिली.

मगरिबपूर्वी मंडप उतरला. दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीच्या वेळी उघडले.