गुडघ्याचा मार आणि दवाखान्याचा निर्णय

श्रावणातल्या ओल्या फरशीवरून पाय घसरला, कबड्डीत पकड सोडवताना गुडघा पिळवटला, अथवा एस.टी.तून उतरताना पाऊल खड्ड्यात पडले, की भोवती जमलेल्या मंडळींत तत्काळ दोन पक्ष पडतात. ‘मुका मार आहे, आंबेहळद लावा, दोन दिवसांत उतरेल’ असे एक पक्ष सांगतो आणि दुसरा ‘आधी फोटो काढून घ्या’ असा आग्रह धरतो. दोघांचाही हेतू निःसंशय चांगला असतो. परंतु दोघेही आपला निकाल बहुधा दुखणे किती आहे यावरूनच देतात, आणि गुडघ्याच्या बाबतीत हा पुरावा फार अपुरा आहे. वाटीवर बसलेला साधा फटका धडधाकट मनुष्याला कळवळायला लावतो आणि आठवड्यात विसरलाही जातो; उलटपक्षी सांध्याला आतून आवळून धरणारा अस्थिबंध, ज्यास आपण सर्रास लिगामेंट म्हणतो, तो समूळ तुटला असताही पहिला आवेग ओसरल्यावर वेदना बरीच उतरते, आणि मनुष्य आपण बचावलो अशा समजुतीने घरी जातो. म्हणून गुडघा किती दुखतो याहून, तो आपले नेमून दिलेले काम करतो की नाही, याची चौकशी अधिक अगत्याची आहे.

‘चालता येते, म्हणजे हाड शाबूत आहे’ हा सर्वांत रूढ समज. त्यात तथ्याचा अंश आहे, पण अंशच. कॅनडातील ओटावा येथे इयन स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी, गुडघा दुखावून आलेल्या प्रत्येकाचा एक्स-रे काढण्याची खरोखर आवश्यकता आहे काय, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेतला आणि प्रौढांसाठी पाच कसोट्या ठरविल्या: वय 55 वा अधिक असणे, केवळ वाटीवर दाबले असता दुखणे, गुडघ्याखाली बाहेरच्या अंगास जे बारीक हाडाचे टोक हाताला लागते, तेथे दाबले असता दुखणे, गुडघा काटकोनापर्यंत न वाकणे, आणि दुखापत झाली त्या क्षणी व पुढे तपासणीच्या वेळी, अशा दोन्ही प्रसंगी चार पावले टाकता न येणे. यांपैकी एक जरी लागू पडली तरी एक्स-रे काढावा. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत सुमारे अकराशे रुग्णांमध्ये 63 महत्त्वाचे अस्थिभंग आढळले, आणि त्यांतला एकही या कसोट्यांतून निसटला नाही. येथे दोन बारकावे ध्यानात घेण्याजोगे आहेत. लंगडत का होईना, प्रत्येक पायावर दोनदा भार पडला तर ती चार पावले मोजली जातात. आणि चालणे ही पाचांपैकी केवळ एक कसोटी असल्यामुळे, चालत आलेल्या मनुष्याचीही वाटी फुटलेली असू शकते.

याच्या उलट बाजूचा समज म्हणजे ‘फोटो साफ निघाला, आता काळजी नाही’. एक्स-रे हाडांची हकिकत सांगतो. अस्थिबंध, आणि दोन हाडांमधील कूर्चेची चकती, जिला व्यवहारात ‘गादी’ म्हणतात, त्या त्यात दिसत नाहीत. त्यांची वार्ता सूज देते, पण सूज आली की नाही यापेक्षा ती केव्हा आली, याला मोल आहे. मार लागल्यापासून दोन-चार तासांच्या आत गुडघा फुगून टणक झाला, तर सांध्यात बहुधा रक्त उतरलेले असते. पाऊल जमिनीवर रोवलेले असताना अंग वळले, आतून ‘खट्’ असा आवाज आला आणि पाठोपाठ अशी त्वरित सूज चढली, तर पुढचा मुख्य अस्थिबंध तुटल्याचा संशय प्रथम घ्यावा. तीच सूज दुसऱ्या दिवशी सकाळी हळूहळू दिसू लागली, तर ती बहुधा चिडलेल्या सांध्याने सोडलेल्या वंगणद्रवाची असते, आणि गादीच्या इजेत असे पुष्कळदा घडते. पहिल्या प्रकारची सूज असता एक्स-रे निर्दोष असला तरीही अस्थिरोगतज्ज्ञास अवश्य दाखवावे.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा मला फार मोलाची वाटते. पलंगावर उताणे पडावे, गुडघा ताठ ठेवावा आणि टाच बिछान्यापासून वीतभर उचलून पाहावी. दुखत दुखत का होईना, पाय उचलला गेला तर मांडीच्या स्नायूंपासून वाटीमार्गे नडगीपर्यंत जाणारी ओढ अखंड आहे असे समजावे. पाय उचलतच नसेल, तर वाटी अथवा तिच्या वरच्या-खालच्या कंडरा तुटल्या असण्याचा संभव आहे, आणि अशा दुरुस्तीला दिरंगाई मानवत नाही. गुडघा अर्धवट वाकल्या स्थितीत अडकून सरळच होत नसेल, किंवा जिना उतरताना दगा देत असेल, तरीही शेक-लेपांत दिवस घालवू नयेत. पाऊल गार अथवा बधिर पडले, तर ती तासांची नव्हे, मिनिटांची गोष्ट आहे.

अलीकडे सुशिक्षित वर्गात, एम.आर.आय. काढल्यावाचून निदान होतच नाही, असा आणखी एक समज दृढ होत चालला आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील पन्नाशी उलटलेल्या नागरिकांच्या गुडघ्यांचे असे चित्रण करून 2008 साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गादी फाटलेली आढळलेल्यांपैकी 61 टक्के लोकांना मागील महिनाभरात गुडघ्याची कसलीच तक्रार नव्हती. तेव्हा उतारवयातील अहवालात गादी फाटल्याची नोंद असली, म्हणजे कालच्या पडण्यानेच ती फाटली अथवा शस्त्रक्रिया अटळ आहे, असे मुळीच सिद्ध होत नाही. आधी तज्ज्ञाचा हात गुडघ्यावर पडावा आणि मग, त्यास आवश्यक वाटल्यास, चित्रण व्हावे. हा क्रम उलटल्याने कित्येक कुटुंबांना नाहक खर्च आणि त्याहून नाहक धास्ती सोसावी लागते, हे पाहून मन विषण्ण होते.

घरगुती उपचारांपैकी आंबेहळदीचा लेप अखंड त्वचेवर सहसा अपाय करीत नाही. अपाय करते ती रगडून केलेली मालिश आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतला गरम शेक, कारण त्यांनी आतला रक्तस्राव व सूज वाढू शकते. हाडवैद्याने घट्ट आवळलेल्या पट्टीखाली पाय काळानिळा पडेपर्यंत वाट पाहणे तर सर्वस्वी घातक होय. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावल्याने वेदना शमते. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री 1978 साली रूढ करणारे अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनीच पुढे, बर्फाने भरून येण्यास विलंब लागू शकतो, असे नमूद केले. तेव्हा तो वेदनेपुरताच योजावा. अंथरुणाला खिळून राहणेही हितावह नव्हे: मांडीचे स्नायू अल्पावधीत क्षीण होतात, म्हणून सोसेल तितकी हालचाल लवकर सुरू करावी.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र यांतील कोणत्याही आडाख्यावर विसंबू नये. खुब्याचे दुखणे मुलाला पुष्कळदा गुडघ्यातच जाणवते, कारण दोन्ही सांध्यांना वाटून जाणारे मज्जातंतू एकच. म्हणून लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा निर्दोष दिसला तरी खुबा तपासून घ्यावा. कोणत्याही वयात गुडघा लाल, गरम झाला आणि अंगात ताप भरला, तर सांध्यात पू होत असल्याची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ज्यास चालता येते, गुडघा वाकवता आणि पाय ताठ उचलता येतो, ज्याची सूज अल्प आहे आणि दिवसागणिक ओसरते आहे, त्याने काही दिवस निश्चिंत मनाने घरी थांबावे. दोन आठवड्यांत स्पष्ट सुधारणा नसेल तर ती मुदत संपली असे मानून दाखवून यावे. जाताना पाय कोणत्या अंगाला वळला होता, आवाज आला होता काय, सूज किती तासांनी चढली, मालिश झाली काय, वेदनाशामक गोळ्या कोणत्या व किती घेतल्या, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय, एवढे एका चिठ्ठीवर लिहून न्यावे.