खुली चीज

मैफलीत ऐकलेली चीज आणि गुरूने बोल-स्वर-तालासह हाती दिलेली चीज यांतील अंतर आमच्या बडोद्याच्या जुन्या घरांना सांगावयास नको. संगणकाच्या जगातही हाच भेद आहे. मनुष्याला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्राम म्हणजे 'सोर्स'. 'कंपायलर' नावाचा दुभाषी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. तयार मिळते ती बहुधा ही रूपांतरित वस्तू. ती चालते, पण तिची मांडणी दिसत नाही.

विद्यार्थ्याचा स्वर मोजून दाखविणारा एक प्रोग्राम मी वर्गासाठी तयार करीत आहे. त्यासाठी 'एफएफटीडब्ल्यू' ही लायब्ररी सोर्सवरून घडविण्याचा योग आला. लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे, तर इतर प्रोग्रामांनी उसनी घ्यावयाची गणिते. हिचे कर्ते मॅटिओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत त्यांनी ती रचली व १९९७ साली खुली केली.

तिची गरज काय? काळी एकचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, तर कोमल रिषभ सुमारे १४८ चा. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन त्यांतील ४,०९६ तपासले, तर मोजपट्टीचे एकेक घर जवळजवळ ११ कंपनांचे होते आणि हे दोन स्वर एकमेकांत मिसळतात. ३२,७६८ नमुने घेतले की घर दीड कंपनाहूनही बारीक होते. परंतु सरळ मार्गाने त्यास १०७ कोटी गुणाकार लागतात. कूली आणि टूकी यांनी १९६५ साली मांडलेल्या रीतीने हे काम सुमारे पाच लाख टप्प्यांत उरकते.

घडविण्याचा क्रम ठरलेला आहे. 'कॉन्फिगर' ही आज्ञा प्रथम यंत्राची विचारपूस करते. ही लायब्ररी एरवी दुहेरी अचूकतेचे आकडे धरून बनते. एकेरी हवे असल्यास 'एनेबल-फ्लोट' असे येथेच सांगावे लागते. 'प्रिफिक्स'ने स्वतःचा कप्पा नेमून द्यावा, म्हणजे मूळ यंत्रणेला धक्का लागत नाही. मग 'मेक' शेकडो फाइलींचे रूपांतर करते. त्यानंतरची 'मेक चेक' ही तपासणी घाईने टाळणे म्हणजे तंबोरा न जुळविता गावयास बसणे होय. शेवटी 'मेक इन्स्टॉल'.

पुढची गोष्ट मला विशेष वाटते. ही लायब्ररी त्या-त्या यंत्रावर अनेक रीती चालवून पाहते, जलद ठरेल ती निवडते आणि तो अनुभव साठविते. कर्त्यांनी त्यास 'विज्डम', म्हणजे शहाणपण, असे नाव दिले आहे. जवारी काढणारा कारागीर त्याच तंबोऱ्याची तार ऐकत घोडी घासतो, तसेच हे.

हिच्या परवान्याची अटही ध्यानात ठेवण्याजोगी आहे: तयार वस्तू पुढे देणाराने सोर्सही उपलब्ध करून द्यावा. सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली आणि स्वरलिपीतून गाणे शिकविले. भातखंड्यांनी १९१६ ची संगीत परिषद याच शहरी भरविली आणि पुढे घराण्यांच्या चिजा स्वरलिपीत छापून सर्वांपुढे ठेवल्या. स्वरलिपी वाचून कोणी गवई होत नाही, सोर्स मिळाल्याने कोणी अभियंता होत नाही. परंतु मांडणी हाती असेल तर शंका विचारता येते, चूक दुरुस्त करता येते, पुढच्याला देता येते. ज्यांची मांडणी कोणाला दिली गेली नाही, अशा कितीतरी चिजा गवयांबरोबरच गेल्या.