अंदमानची बुडी : दिवाळीत नव्हे, फाल्गुनात

लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं आणि अमावास्येला समुद्राला उधाण असतं, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळ्याला सांगावं लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हिंग करायचं ठरवणाऱ्या पर्यटकाला मात्र ते आठवत नाही. ‘ऑक्टोबर ते मे हा सीझन’ हे माहितीपत्रकातलं वाक्य तो प्रमाण मानतो. ते वाक्य खोटं नाही, पण तो हॉटेलांचा हंगाम आहे, पाण्याचा नव्हे. सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा आणि एखादी बोटीची सफर एवढाच बेत असेल तर त्यावर विसंबून चालेल. पाण्याखाली उतरायचं असेल तर त्या आठ महिन्यांतले दोनच महिने खऱ्या अर्थानं भरवशाचे आहेत : फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे, म्हणजे ढोबळमानानं फाल्गुन आणि चैत्र.

आपली गफलत होते ती आपल्याच किनाऱ्यावरून हिशेब केल्यामुळे. मालवण-तारकर्लीला पावसाळा एकच. नारळी पौर्णिमेनंतर दर्या हळूहळू शांत होतो, दिवाळीपर्यंत पाणी बरंच निवळतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या बुड्या जोरात सुरू असतात. अंदमान बंगालच्या उपसागराच्या पूर्व टोकाला आहे आणि त्याला दोन पावसाळे आहेत. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळच्याही आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, तिथे पोचतात आणि ते ओसरतात न ओसरतात तोच ईशान्येचे वारे सुरू होतात. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्याकडे कोरडा ठणठणीत असलेला नोव्हेंबर तिथे चांगला ओला असतो. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा उपसागरातल्या चक्रीवादळांचा मोठा मोसम. २०१३च्या ऑक्टोबरात ‘फायलिन’ ओडिशावर आदळण्याआधी अंदमानवरून गेलं होतं. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ‘लेहर’ थेट पोर्ट ब्लेअरजवळ धडकलं. २०१६च्या डिसेंबरात पुढे ‘वरदा’ झालेल्या वादळी प्रणालीमुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले आणि त्यांना सोडवायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. (हॅवलॉकचं नाव २०१८पासून स्वराज द्वीप आहे आणि नीलचं शहीद द्वीप, डायव्हिंगवाल्यांच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत.) दर दिवाळीला वादळ येतं असं नाही. पण महिनेन् महिने आधी पैसे भरून ठेवणाऱ्यानं ही शक्यता हिशेबात धरायला हवी.

पाणी गरम-गार असण्याचा इथे प्रश्नच नाही. ते बाराही महिने २७ ते ३० अंशांच्या आसपास असतं. ठरवतो तो वारा, आणि वाऱ्याची दिशा. हॅवलॉकवरची बहुतेक डायव्हिंग केंद्रं गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर आहेत. कोकणात ईशान्येचा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, त्यामुळे किनाऱ्याजवळ त्याची लाट उठत नाही. हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर तोच वारा समुद्रावरून थेट अंगावर येतो. डिसेंबर-जानेवारीत आकाश निळंभोर असतं, फोटो सुरेख येतात, आणि तरी बोट उसळत असते ती यामुळेच. फेब्रुवारीत हा वारा पडतो. नैर्ऋत्येचा सुरू व्हायला अजून तीन महिने असतात. या दोन वाऱ्यांमधल्या पोकळीत समुद्र काही दिवस अक्षरशः तेलासारखा सपाट होतो.

‘आम्ही काही पट्टीचे पाणबुडे नाही, प्रशिक्षकाचा हात धरून अर्धा तास मासे बघणार, आम्हाला हंगामाचं एवढं काय?’ असं पुष्कळ जण म्हणतील. खरं तर हंगाम जास्त लागू होतो तो त्यांनाच. लाटेमुळे होणारी पाण्याची हालचाल खाली जाताना झपाट्यानं कमी होते आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ती जवळपास संपते. पाच सेकंदांनी येणारी साधी वाऱ्याची लाट साधारण ४० मीटर लांब असते, म्हणजे तिचा हिसका २० मीटरपर्यंत पोचतो. जॉनीज गॉर्ज किंवा डिक्सन्स पिनॅकलसारख्या खोल जागी २५ मीटरवर गेलेला अनुभवी डायव्हर त्या हिसक्याच्या खाली सुटतो. पहिल्यांदा उतरणाऱ्याला मात्र १२ मीटरच्या वरच राहायचं असतं, आणि नेमो रीफसारख्या किनाऱ्यालगतच्या उथळ जागी लाट तळाची वाळू ढवळून पाणी दुधाळ करते. आधीच तोंडानं श्वास घ्यायची सवय नाही, त्यात पुढचं दिसत नाही आणि अंग मागेपुढे झुलतंय. डायव्हिंग नकोसं वाटायला एवढं पुरे आहे. म्हणून नवख्यानंच शांत पाणी निवडावं. अनुभवी माणूस निभावून नेतो.

उजेडाकडेही फारसं कुणी लक्ष देत नाही. हॅवलॉक सुमारे १२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीला तिथला माध्यान्हीचा सूर्यसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ५५ अंश वर चढतो. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो थेट डोक्यावर असतो. तिरपा किरण पाण्यातून अधिक लांबचा रस्ता कापतो आणि त्यातला तांबडा रंग आधी गळतो, त्यामुळे तेच प्रवाळ हिवाळ्यात निळसर-करडं दिसतं. त्यात हे बेट भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेपासून बरंच पूर्वेला असल्यानं घड्याळातले सव्वाअकरा वाजले की तिथे माध्यान्ह होते आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी आरामात जेवून दोन वाजता बुडी मारू म्हणणारा मुंबई-पुणेकर तिथल्या संध्याकाळच्या उजेडात उतरत असतो.

महिना ठरला तरी काम संपत नाही; तिथी पाहायची राहते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दिवस-दोन दिवसांत उधाणाची भरती-ओहोटी सर्वांत मोठी असते, तर अष्टमीनंतर भांगाची, सर्वांत लहान. अंदमानात उधाणाला पाण्याची चढ-उतार दोन मीटरच्या आसपास जाते, भांगाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही वेळी पाण्याला मिळतात ते सहा-सव्वासहा तासच. तेवढ्या वेळात जास्त पाणी ये-जा करायचं तर प्रवाह जोराचा होणारच, आणि बेटांमधल्या चिंचोळ्या जागी तो आणखी ओढतो. पाडवा-भाऊबीज नेमकी या ओढीच्या दिवसांत येते. यावर एक रास्त आक्षेप असा, की प्रवाह म्हणजेच मासळी; बॅराकुडा आणि ट्रेव्हलींचे थवे वाहत्या पाण्यातच जमतात, आणि म्हणून मुरलेले डायव्हर मुद्दाम उधाण साधतात. ते खरंच आहे. त्यांनी फाल्गुनातलं उधाण साधावं. बाकीच्यांनी सप्तमी ते एकादशी धरावी.

सर्वांत जड आक्षेप शाळेचा आहे. फाल्गुन-चैत्र म्हणजे परीक्षा. अशा कुटुंबांना परीक्षा संपल्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची फट मिळते. तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो, पण पाणी वर्षातलं सर्वांत तापलेलं असतं. नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे टिकला तरी प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकून पांढरं पडतं. २०१०च्या एप्रिल-मेमध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडलं, २०१६मध्ये पुन्हा. तेव्हा ही फट चालेल, पण दुसऱ्या क्रमांकाची म्हणून. आणि मूल दहा वर्षांखालचं असेल तर समुद्रातलं रीतसर स्कूबा प्रशिक्षण त्याला मिळणारच नाही. मग थोडं थांबून पुढे कधीतरी मोठ्यांनीच फाल्गुनात जावं हे बरं.

पावसाळ्यात दर पडतात, गर्दी नसते, तेव्हाच का जाऊ नये? कारण फेऱ्या रद्द होतात, दूरच्या जागा हाती लागत नाहीत, आणि वाचलेले पैसे खोलीत बसून पाऊस बघण्यात जातात. मात्र हा नियम साऱ्या उष्ण कटिबंधाला लावता येत नाही. मालदीवच्या बा प्रवाळद्वीपातल्या हनिफारू उपसागरात जून ते नोव्हेंबर, म्हणजे ऐन नैर्ऋत्य मोसमात, मांटा रे शेकड्यानं जमतात. वारा आणि भरती मिळून तिथे प्लवकांचा दाट काला लोटतात आणि मांटा तो गाळून खातात. तिथे गढूळ पाणी हाच हंगाम. (तिथे टाकी लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग चालतं, हे पैसे भरण्याआधी माहीत असलेलं बरं.) अंदमानात असा हमखास मेळा भरत नाही. तिथे जायचं ते प्रवाळ आणि त्याभोवतीचा रंगीत संसार बघायला, आणि त्यासाठी निवळशंख पाणीच लागतं.

तेव्हा कॅलेंडर उघडून फाल्गुन किंवा चैत्रातली एक अष्टमी शोधावी आणि षष्ठीला हॅवलॉकवर पोचावं. चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स त्यात बसतो. शेवटच्या बुडीनंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरतो. म्हणजे परतीआधीचा एक दिवस कोरडाच काढावा लागणार. तो दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये सेल्युलर जेलसाठी ठेवावा, म्हणजे बुडीच्या दिवसांतला एकही वाया जात नाही.