मोठे टायर आणि गाडीची ओढ

चाकणच्या बाजारात कांद्याने भरलेली गाडी तळेगावमार्गे वाशीस निघाली म्हणजे तिला बोरघाट उतरावा लागतो. परतताना खते वा अन्य माल भरला असेल तर तोच घाट ओझ्यासह चढावा लागतो. खेड, मावळ, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी आता स्वतःची पिकअप वा लहान ट्रक बाळगतात. जुने टायर झिजले की त्यांच्या जागी मोठ्या मापाचे टायर बसवावेत, म्हणजे गाडीस बळ येईल, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण त्यात केवळ पैशाचा नव्हे, तर जिवाचाही प्रश्न आहे.

मापाचा अर्थ

टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असे आकडे छापलेले असतात. त्यांपैकी २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये असून, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेकडा किती ते होय. १५ हा रिमचा व्यास इंचांत असतो. यावरून हिशेब केला असता या टायरचा एकूण व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर येतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ हा टायर बसविला, तर व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होतो. म्हणजे चाक शेकडा ४ हून थोडे अधिक मोठे झाले, व प्रत्येक फेऱ्यास गाडी सुमारे ९ सेंटिमीटर अधिक पुढे जाऊ लागली. मात्र गाडीची जमिनीपासूनची उंची केवळ दीड सेंटिमीटर वाढते, हेही ध्यानात घ्यावे.

रहाटाचा दाखला

विहिरीवरील हातरहाटाचा कणा जाड केला, तर एका फेऱ्यात दोर अधिक गुंडाळला जातो व पोहरा लवकर वर येतो. परंतु दांडा फिरविणाऱ्याच्या हातास अधिक जोर लागतो. माणूस तोच व दांडाही तोच. केवळ कणा बदलला. मोटारीचेही असेच आहे. इंजिन व गिअर आसास जो फिरविण्याचा जोर देतात, तो ठरलेला असतो. चाक जितके मोठे, तितकी त्या जोरातून रस्त्यावर मिळणारी ओढ कमी. मोठ्या टायरने इंजिनाचे बळ वाढत नाही. फक्त सर्व गिअर थोडे ‘उंच’ झाल्यासारखे होतात.

घाटातील हिशेब

समजा, मालासह गाडीचे वजन ३,००० किलो आहे व चढ १५ फुटांस १ फूट आहे. एवढ्या चढावर गाडी वर ओढण्यास सुमारे २०० किलोंची ओढ लागते. चाकांच्या घर्षणासाठी आणखी ४५ किलो धरले, तर एकूण गरज २४५ किलोंची झाली. मूळ टायरवर तिसऱ्या गिअरमध्ये २५० किलोंची ओढ मिळत असेल, तर गाडी तो चढ तिसऱ्यातच पार करील. मोठा टायर बसविताच ही ओढ २४० किलोंच्याही किंचित खाली येते. आता ५ किलो कमी पडतात. वेग उतरत जातो आणि चालकास दुसरा गिअर टाकावा लागतो. घाट लांब असेल तर वेळ व डिझेल अधिक खर्ची पडते आणि इंजिन तापते. शेकडा ४ चा फरक कागदावर क्षुल्लक भासतो, परंतु भरलेल्या गाडीस चढावर शिल्लक ओढ थोडीच असते, हे विसरू नये.

गती घेण्याच्या बाबतीतही हेच घडते. शिवाय मोठे टायर बहुधा जडही असतात. चाकाच्या कडेवरील १ किलो वजन पुढे ढकलावे लागते व फिरवावेही लागते. म्हणून वेग वाढविताना ते गाडीत ठेवलेल्या सुमारे २ किलोंइतके भारी पडते.

यंत्रावरील मोजणी

पुणे येथे १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. चाकण येथेही तिचे केंद्र आहे. मोटारींची शक्ती मोजण्याकरिता डायनॅमोमीटर नावाचे यंत्र वापरतात. त्याच्या एका प्रकारात गाडीची चाके रुळांवर ठेवून फिरवितात. शक्ती म्हणजे ओढ व वेग यांचा गुणाकार होय. मोठ्या टायरने ओढ घटते, पण इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत वेग वाढतो. यास्तव गुणाकार तत्त्वतः तोच राहावयास पाहिजे. तरीही वेग वाढवीत मोजणी केल्यास आकडा थोडा कमी दिसू शकतो, कारण काही शक्ती जड चाकास गती देण्यातच खर्च होते. हा आकडा पाहून इंजिन बिघडले असे समजू नये, व लहान टायरवर आकडा वाढला म्हणून इंजिन सुधारले असेही मानू नये. दोन मोजण्यांची तुलना करताना टायरचे माप व हवेचा दाब सारखेच असावेत.

ब्रेक व वेगदर्शक

अधिक धोक्याची गोष्ट उतारावर आहे. ब्रेकचा जोरही आसापाशीच लागत असल्यामुळे तेवढाच पायजोर देऊन रस्त्यावर मिळणारा रोध त्याच प्रमाणात कमी होतो. इंजिनाचा रोधही घटतो. कांद्याने भरलेल्या गाडीस बोरघाट उतरताना ही उणीव घातक ठरू शकते. वेगदर्शकही फसवितो. मूळ टायरवर तो बरोबर असेल, तर आता ६० दाखवीत असताना गाडीचा खरा वेग ६२ हून अधिक असतो. १,००० किलोमीटर धावल्यावर मीटरमध्ये ९५९ च उमटतात; म्हणून डिझेलचा हिशेबही चुकतो.

ट्रॅक्टरची गोष्ट

नांगरटीत ट्रॅक्टरची ओढ पुष्कळदा इंजिनामुळे नव्हे, तर चाक घसरल्यामुळे कमी पडते. तेथे रुंद टायर वा टायरमध्ये भरलेले पाणी उपयोगी पडते. हा न्याय डांबरी रस्त्यावरील मालगाडीस लावू नये.

काय करावे

१. कारखान्याने ठरविलेल्या मापाचेच टायर घ्यावेत. एका आसावर दोन निरनिराळी मापे घालू नयेत.

२. हवेचा दाब गाडी थंड असताना, भाराप्रमाणे तपासावा.

३. मोठा टायर लावल्याने गाडीची नोंदलेली भारक्षमता वाढत नाही. अधिक माल भरू नये.

४. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. कोणताही बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

५. ओढ कमी वाटत असल्यास प्रथम एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, क्लच व अडकलेले ब्रेक तपासून घ्यावेत. खरा दोष बहुधा तेथेच सापडतो.

शेतकरी बंधूंनी टायर बदलताना दुकानदाराच्या सांगण्यापेक्षा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेवर विश्वास ठेवावा. वर्षभराच्या कष्टाचा माल बाजारात सुखरूप पोहोचावा आणि तो नेणारा माणूस सुखरूप घरी परतावा, यापेक्षा मोठा लाभ कोणत्याही मोठ्या टायरात नाही.