स्प्रिंग ब्रेकला रेक्याविक

स्टेट कॉलेजच्या मराठी घरांत मार्चच्या सुट्टीचे बेत दिवाळीच्या फराळासोबतच सुरू होतात. फ्लोरिडा, मेक्सिको ही नेहमीची नावं. यंदा त्यांत आइसलंडच्या राजधानीची भर घाला, असं मी सुचवेन. नूअर्क किंवा वॉशिंग्टनचा विमानतळ इथून गाडीने तीन-चार तासांवर, आणि तिथून रेक्याविकचा विमानतळ केफ्लाविक साधारण सहा तास. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इतकी जवळ युरोपातली दुसरी राजधानी नाही.

तिकिटाआधी पासपोर्ट उघडा. भारतीय पासपोर्टवाल्यांना ग्रीन कार्ड असलं तरी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा हवा. बोटांचे ठसे द्यायला मोठ्या शहरात जावं लागतं, त्याचा एक दिवस धरा. विद्यार्थ्यांनी आय-20 वरची प्रवासाची सही तपासावी, आणि अमेरिकेचा व्हिसा संपला नाही ना तेही. संपलेल्या शिक्क्यावर परतण्याची सवलत कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या सहलीपुरती आहे, युरोपला नाही. आई-बाबांना न्यायचं असेल तर त्यांचा शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून आणलेला बरा.

मार्च का? डिसेंबरअखेर तिथे दिवस जेमतेम चार तासांचा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो अकरा तासांवर येतो, आणि तरीही रात्री ध्रुवीय प्रकाश दिसण्याइतका काळोख असतो. जूनमध्ये काळोखच होत नाही, मग तो प्रकाश कुठला दिसायला! थंडीला आपण घाबरायचं कारण नाही. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे तिथला जानेवारी सरासरी शून्याच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा सौम्यच. वारा मात्र बेभान. भाड्याच्या गाडीचं दार वाऱ्याच्या झोतात उघडलंत तर ते बिजागरीतून वाकतं, आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुधा बसत नाही.

शहर लहान आहे. आख्ख्या देशाची वस्ती चार लाखांच्या आत. आपलं बीव्हर स्टेडियम चारदा भरलं की आइसलंड रिकामा. हाल्ग्रीम्सकिर्क्या हे 74.5 मीटर उंचीचं चर्च कुठूनही दिसतं. ते बांधायला 1945 ते 1986 इतका काळ लागला. वास्तुकार गुड्योन सॅम्युएल्सन यांनी त्याचा दर्शनी भाग बेसाल्टच्या स्तंभांवरून घडवला. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्यांना ते स्तंभ लगेच ओळखू येतील. समोर नॉर्स दर्यावर्दी लेफ एरिक्सनचा पुतळा आहे, आणि तो आपल्याच पेनसिल्व्हेनियाच्या नात्यातला. अमेरिकेने 1930 मध्ये आइसलंडच्या संसदेच्या सहस्राब्दीनिमित्त दिलेली ही भेट घडवली ती फिलाडेल्फियात जन्मलेल्या अलेक्झांडर स्टर्लिंग काल्डर यांनी. फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलवरचा विल्यम पेन त्यांच्या वडिलांच्या हातचा. बंदरावरचं काचेचं हार्पा सभागृह 2011 चं. रेगन-गोर्बाचेव्ह 1986 मध्ये जिथे भेटले ते होव्दी हे पांढरं घर बाहेरून पाहिलं तरी पुरे.

खरं रेक्याविक भेटतं ते सार्वजनिक तरणतलावांत. जमिनीखालचं गरम पाणी इथे घरं तापवतं, नळाला येतं (गंधकाचा वास येतो, घाबरू नका) आणि उघड्यावरच्या कुंडांतही खेळतं. बर्फ पडत असताना गळ्यापर्यंत पाण्यात बसून गावकरी राजकारण बोलतात. तलावात उतरण्याआधी विवस्त्र होऊन साबणाने अंघोळ सक्तीची आहे. मराठी मनाला हे जड जातं, पण पाण्यात क्लोरीन कमी घालता यावं म्हणून हा नियम आहे. ब्लू लगून या महागड्या गरम कुंडापेक्षा मला हे तलाव कितीतरी बरे वाटतात. शिवाय डिसेंबर 2023 पासूनच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांमुळे ब्लू लगून अनेकदा बंद ठेवावं लागलं आहे. तिकीट काढण्यापूर्वी चौकशी करावी.

जेवण महाग, आणि शाकाहाऱ्यांची थोडी पंचाईत. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तिथलं स्कीर म्हणजे जवळजवळ आपला चक्काच. वेलची-केशर सोबत असेल तर श्रीखंड तयार. पाणी विकत घेऊ नका, नळाचं थंड पाणी उत्तम असतं.

एक दिवस थिंगवेट्लिर, गेसिर आणि गुट्लफॉस या फेरीला द्या. थिंगवेट्लिरला 930 मध्ये संसद भरली. तिथेच उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकताना दिसतात. मात्र पाच-सहा दिवसांत बेटाला प्रदक्षिणा घालायचा मोह टाळा. तो रस्ता 1,300 किलोमीटरहून लांब आहे आणि मार्चच्या वादळात कुठेही बंद होऊ शकतो. तो बेत उन्हाळ्यासाठी ठेवा.