व्हर्च्युअल मशीनची मोजणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हर्च्युअल मशीन मंदावली की तिच्या आत शिरून मोजमाप केले म्हणजे पुरे, हा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज आहे. डेटा सेंटरमध्ये एकाच सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, अनेक व्हर्च्युअल मशीन नांदू शकतात आणि प्रोसेसर आळीपाळीने वापरतात. पाळी नसताना गेस्टचे, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनचे, काम थांबते, पण ते थांबणे आतल्या मोजणीला थेट दिसत नाही. लिनक्सच्या 'टॉप' या आज्ञेतला 'एसटी' हा आकडा त्याचा अंदाज देतो, तोही होस्टने कळवला तरच. प्रोसेसरचे हार्डवेअर काउंटरही होस्टने खुले केल्याशिवाय गेस्टला मिळत नाहीत.

उलट बाजूचा समज असा, की होस्टला व्हर्च्युअल मशीन ही बंद पेटीसारखी एक प्रोसेस दिसते, आतले काही कळत नाही. पण तसे नाही. लिनक्स कर्नलमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणारे केव्हीएम २००७ मध्ये आले, मोजमाप करणारे पर्फ २००९ मध्ये, आणि २०१० मध्ये २.६.३५ आवृत्तीबरोबर दोघांना जोडणारी 'पर्फ केव्हीएम' ही आज्ञा. काउंटर ठरलेल्या मर्यादेला पोचला की नमुना घेतला जातो. त्या क्षणी प्रोसेसर गेस्टचे काम करत असेल, तर गेस्टमधल्याच सूचनेचा पत्ता नोंदला जातो. पत्त्यावरून कर्नलमधल्या फंक्शनचे नाव कळण्यासाठी मात्र गेस्टच्या 'कॉलसिम्स' आणि 'मॉड्यूल्स' या फायलींची प्रत होस्टवर लागते. ती नसेल तर अहवालात नुसते पत्ते उरतात.

सर्वाधिक घोळ होतो तो 'एक्झिट'बाबत. गेस्टला स्वतः न करता येणारे काम आले की नियंत्रण होस्टकडे जाते, तो एक्झिट. 'पर्फ केव्हीएम स्टॅट' कारणागणिक त्यांची संख्या आणि लागलेला वेळ मांडते. ज्याच्या नावे जास्त वेळ तोच दोषी, हा निष्कर्ष घाईचा आहे. 'एचएलटी'ची ओळ अनेकदा सर्वांत वर असते, कारण गेस्टला काम नसताना तो झोपतो आणि झोपेचा सगळा वेळ त्या एक्झिटच्या खात्यावर पडतो. लक्ष इतरत्र हवे. आय/ओ सूचनांचे एक्झिट सतत होत असतील, तर डिस्क किंवा नेटवर्कसाठी व्हर्च्युअल मशीनसाठीच बनलेल्या व्हर्टआयओऐवजी खऱ्या उपकरणाची नक्कल वापरली जात नाही ना, हे आधी तपासावे. 'ईपीटी व्हायोलेशन' हे मेमरीशी संबंधित एक्झिट बूट होताना भरपूर दिसतात. मेमरीला पहिल्यांदा हात लागतो तेव्हा ते स्वाभाविकच असते. स्थिरावलेल्या मशीनमध्येही ते चालूच राहिले, तर होस्टवर मेमरीची चणचण आहे का ते पाहावे.

मोजणीचा भार पडतच नाही, हेही खरे नाही. नमुने घेण्याचा खर्च त्यांच्या वारंवारतेवर ठरतो. एक्झिटची नोंद मात्र प्रत्येक घटनेला होते, म्हणून गजबजलेल्या सर्व्हरवर ती काही सेकंदांपुरतीच चालवावी.